भाऊबीजेचा तीनचा खेळ

माझं मराठी बंगाली वळणाचं आहे असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. कलकत्त्यात जन्मले, इथेच शिकले, आणि घरात आईबाबांशी बोलून जे आलं ते माझं मराठी. पटलं तर घ्या, नाहीतर राहू द्या.

सत्तरच्या दशकात मी एस्प्लनेडजवळ एका चित्रपट वितरकाच्या कचेरीत जाहिरातीचं काम बघायची. त्या वर्षी आमच्या बंगाली मालकांनी एक परीकथा घेतली होती. राक्षसाने दगड करून टाकलेल्या भावांना धाकटी बहीण पुन्हा माणसात आणते, अशी गोष्ट. भाषा बंगाली, चित्र काळंपांढरं. मालकांनी होतं नव्हतं ते त्यात घातलेलं. आणि नशीब बघा, मुंबईच्या एका बड्या कंपनीने नेमकी तीच गोष्ट हिंदीत काढली. रंगीत, भरपूर गाणी, वर खराखुरा हत्ती!

त्यांनी दुर्गापूजेचा मुहूर्त धरून चांगली चांगली थिएटरं अडवून टाकली. मालक म्हणाले, "आपणही पूजेलाच लावू. मरायचं तर लढून मरू."

"मरायचं कशाला?" मी म्हटलं. "पूजेत पोरं मांडव बघत फिरणार, आणि उरलेल्यांना हत्ती पळवणार. शाळा भाईफोंट्यापर्यंत बंदच असतात. गोष्ट बहीणभावांची आहे, भाईफोंट्यालाच लावू."

भाईफोंटा म्हणजे बंगाल्यांची भाऊबीज. त्या वर्षी ती शुक्रवारी, म्हणजे नवा चित्रपट लागायच्या वारीच आली होती. मालकांनी कुरकुर केली, पण ऐकलं. कसंबसं एक थिएटर मिळालं, तेही अटीवर. पहिल्याच दिवशी खुर्च्या रिकाम्या दिसल्या तर पुढच्या शुक्रवारपासून तिथे मुंबईचा हत्ती. तसं झालं असतं तर आमच्या कचेरीला कुलूपच लागलं असतं, आणि सल्ला कुणाचा, तर माझा. आई म्हणालीच, "नसती उठाठेव कुणी सांगितली होती तुला?"

दिवाळीत आमच्या मराठी मंडळाचा फराळ होता. तिथे मुंबईच्या त्या कंपनीचे प्रचाराचे साहेब आले होते. मराठीच गृहस्थ, नुकतेच इथे आलेले. मी दोन वाक्यं बोलले नाही तोच साहेब हसायला लागले.

"तुमचं मराठी ऐकून गंमत वाटते हो बाई! बरं, तुमचं ते काळंपांढरं भाऊबीजेला लागतंय म्हणे? मग आम्हीही त्या दिवशी सकाळी दहाचा खास खेळ लावतोय. ओवाळायचं संध्याकाळी, तोवर पोरं मोकळीच की. तुमच्या तीनच्या खेळाला उरणार कोण?"

माझ्या ओठांवर आलं होतं, पण गिळलं. अहो, बंगाल्यांच्या घरी संध्याकाळची वाट कोण बघतं? सकाळी बहीण उपाशीपोटी भावाच्या कपाळी चंदनाचा फोंटा, म्हणजे टिळा, लावते. मग मिठाई, मग मटण-भात. दुपारपर्यंत घरातून कुणी हलत नाही. त्यांच्या कचेरीतल्या कुणाही बंगाल्याने हे सांगितलं असतं. पण साहेब विचारतील तर ना! मी त्यांच्या बशीत आणखी एक करंजी वाढली.

आमची जाहिरात मी मुद्दाम भाईफोंट्याच्या सकाळच्याच पेपरात दिली. पडद्यावरचं एकही तोंड नाही. नुसतं एक कपाळ, त्यावर चंदनाचा ठिपका, आणि खाली बंगालीत एक ओळ: 'फोंटा झाला ना? आता भावाला घेऊन ये, तीन वाजता.'

दोन वाजता मी थिएटरच्या दारात उभी होते. फुटपाथवर चिटपाखरू नव्हतं. मालक तिकीट खिडकीमागे खाली मान घालून बसलेले. देवा, मी या माणसाला बुडवलं की काय!

मग ट्राममधून एक परकरातली चिमुरडी उतरली. नवा शर्ट घातलेल्या थोरल्या भावाला ओढतच आणत होती, आणि त्याच्या कपाळावर चंदन अजून ओलं होतं. त्यांच्यामागून आणखी चौघं उतरली. पुढच्या ट्राममधून तर नुसती झुंबड! अडीचला रांग कोपऱ्यावरून वळली. 'हाउसफुल्ल'ची पाटी थिएटरवाल्याला सापडेना, शेवटी कुठल्याशा अडगळीतून धूळ झटकून आणली. आत पडद्यावर दगडाचा पहिला भाऊ हलला आणि थिएटरभर बहिणींनी असा काही कल्ला केला की माझा ऊर भरून आला. मालक अंधारात डोळे पुसत होते. मीही पुसले, लाज कसली?

त्यांच्या दहाच्या खेळाला हत्ती एकटाच नाचला, असं नंतर कळलं.

आमचं चित्र त्या थिएटरातून हललं नाही, आणि कचेरीही राहिली. पुढच्या वर्षी पूजेच्या आधी साहेबांचा फोन आला. आवाज एकदम मऊ. नवीन चित्रपट आहे, लहान मुलांचा, इथे कधी लावावा असं तुम्हाला वाटतं?

मी म्हटलं, "आमचा लागला की दुसऱ्या दिवशी लावा."