काळ्या पडद्यामागची बाभूळ

माझा कॉम्प्युटर बंद पडला नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण मुलापासून रिक्षावाल्यापर्यंत जो तो मला तेच ऐकवत होता. मेला होता तो त्याचा काचेचा जुना मॉनिटर. एका दुपारी आतून टप्प असा आवाज आला, जळका वास सुटला आणि संपलं. कॉम्प्युटर मात्र चांगला घरघरत होता. सोलापुरात पूर्व भागात आमचा कारखाना होता, तेव्हा चादरीची डिझाइनं करायला मी तो घेतलेला. कारखाना गेला, माग गेले. कॉम्प्युटर मी घरी आणून ठेवला.

ठेवला, कारण त्यात बाभूळ होती.

लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी माझ्या बायकोनं ग्राफच्या कागदावर एक फांदी काढली होती. बाभळीची. पिवळे गोंडे आणि मधे मधे पांढरे जोडकाटे. जेवणाचा डबा घेऊन ती कारखान्यात आली आणि कागद माझ्यापुढं धरला. मी कामगारांसमोर मोठ्यानं म्हणालो, "चादरीवर काटे? मग गिऱ्हाइकानं झोपायचं कुठं?" सगळे हसले. ती डबा ठेवून निघून गेली. त्यानंतर तिनं पेन्सिल हातात धरली नाही.

पुढं कॉम्प्युटर आला तेव्हा मी तिच्या ट्रंकेतून तो कागद गुपचूप काढला आणि ग्राफचं एकेक घर मोजत ती फांदी आत भरली. मागावर मात्र ती कधी चढवली नाही. तिला सांगितलंही नाही. ज्यानं सगळ्यांसमोर हसं केलं, त्यानंच जाऊन सांगायचं कसं? कागद नंतर वाळवीनं खाल्ला.

आता तिला काचबिंदू आहे. उजवा डोळा गेला. डाव्या डोळ्याच्या कडेनं थोडं दिसतं, तेही किती दिवस, हे डॉक्टर सांगत नाही. माझ्या ओळखीच्या एकाचा जकार्डचा माग, भोकांच्या कार्डांवरून नक्षी विणणारा, अजून चालतो. तो म्हणाला, "डिझाइन कागदावर आणा. कार्डं ठोकून एक चादर काढून देतो." म्हणजे मला एवढंच करायचं होतं: तिचा उरलेला डोळा जायच्या आत बाभूळ त्या कॉम्प्युटरमधून बाहेर काढायची.

मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला, जुळे सोलापुरात राहतो. त्यानं नवा सपाट मॉनिटर आणून दिला. "बाबा, ही जुनी वायर यात बसते. पण खरं सांगू का, ते भंगारात द्या," म्हणाला आणि ऑफिसला गेला.

वायर लावली, बटण दाबलं. पांढरी अक्षरं सरसर आली. मी देवाला हात जोडले. मग डिझाइनचा प्रोग्राम चालू केला आणि पडदा काळा झाला. काळ्यावर इंग्रजीतली एक ओळ इकडून तिकडं फिरायला लागली.

मला इंग्रजी येत नाही. चौथीत शाळा सुटली. पण ग्राफवर काहीही उतरवता येतं. ती फिरणारी अक्षरं मी चौकटींच्या कागदावर जशीच्या तशी काढून घेतली. मग वायर काढून तिचं तोंड बघितलं. पिनांच्या तीन ओळी, पाच-पाचच्या. मधल्या ओळीत एक पिन नव्हती! नुसतं भोक. सापडलं, म्हटलं. उभा जन्म विणकामात गेला माझा. मागाच्या फणीत, धागे ओवतात तिथं, एक घर रिकामं राहिलं तर कापडभर फट पडते. असं घर मी कधी कुणाच्या मागावर राहू दिलेलं नाही. बायकोच्या शिवणाच्या डब्यातली सुई घेतली, पकडीनं तोडली आणि त्या भोकात घट्ट बसवली. वायर परत खोचली.

आता पांढरी अक्षरंही गेली.

दोन दिवस मी त्या काळ्या पडद्यापुढं बसून राहिलो. जेवण जाईना. बायको म्हणायची, "काय झालं तुमाला? त्या डबड्यापाई एवढं?" आम्ही घरात तेलुगू बोलतो, तेलुगूत हे आणखी झोंबतं. मी म्हणायचो, "तू गप्प बस."

शेवटी कॉम्प्युटर चादरीत बांधून रिक्षानं दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकान एका बाईचं, चाळिशीतली असेल. तिनं वायर खोचतात त्या जागेत बॅटरी मारून बघितलं आणि चिमटीनं सुईचा तुकडा ओढून काढला.

"काका, हे कुणी घातलं?"

"मी."

"अहो, ती जागा रिकामीच असते की! कंपनीच सोडते ती."

"घर रिकामं कुणी सोडतं का?"

"सोडतात. नशीब जळलं नाही." मग मी उतरवून आणलेला कागद तिनं वाचला. "हे लई सुंदर लिहिलंय तुमी. याचा अर्थ, तुमचा प्रोग्राम चित्र ज्या वेगानं पाठवतो तो वेग या नव्या पडद्याला झेपत नाय. साधी अक्षरं झेपतात. जुना काचेचा मॉनिटर आणा, लगेच दिसेल."

आणा म्हणे. तीन दिवस मी सोलापुरातलं एकेक भंगाराचं दुकान पालथं घातलं. लोक हसत. एक अक्कलकोट रोडला मिळाला, त्याची काच मागून फुटलेली. त्या दिवशी उन्हात परत येताना रस्त्याच्या कडेला बसलो तो उठवेना. घरी आलो तर बायको भिंतीला हात लावत स्वयंपाकघरातून येत होती. आदल्या आठवड्यात ती भिंतीला हात लावत नव्हती.

मी परत दुकानात गेलो. ओरडलोच. "आत आहे ना ते? मग बाहेर का येत नाही?"

बाई रागावली नाही. म्हणाली, "आतलं सगळं नीट चाललंय काका. फक्त तुमाला दिसत नाय."

फक्त दिसत नाही. मी तिथंच स्टुलावर बसलो. मला इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून मी तो प्रोग्राम पडदा वाचून कधी चालवलाच नव्हता. मी बटणं मोजायचो. बाणाचं बटण तीनदा खाली, मोठं बटण एकदा. चुकलं तर कॉम्प्युटर पीं करून ओरडायचा. आणि बाभूळ मी सगळ्यात शेवटी भरली होती, म्हणजे डिझाइनांच्या यादीच्या तळाशी.

घरी येऊन काळ्या पडद्यापुढं बसलो. कारखान्यातलाच, सुयांनी छापणारा जुना प्रिंटर जोडला. डोळे मिटूनच घेतले, उघडे ठेवून काय दिसणार होतं? बोटं आपोआप चालली. एकदा पीं झालं. पुन्हा पहिल्यापासून. आणि प्रिंटर कर्र कर्र करत सुरू झाला.

कागद आला. कोरा.

प्रिंटरची शाईची रिबन वाळली होती. मी तो कागद चुरगाळणार, तेवढ्यात बायकोनं माझ्या हातातून घेतला. कशाचा आवाज म्हणून आली होती. तिची बोटं कागदावर फिरली.

"कोरा कुटं हाय? हाताला लागतंय की."

प्रिंटरच्या सुयांनी कागदावर बारीक खड्डे पाडले होते. मी रिबन सोडवली, मागाला घालायचं तेल थेंब थेंब सोडून चोळली, तासभर थांबलो आणि परत तीच बटणं मोजली. या वेळी फिकट, तेलकट, पण फांदी आली. चार कागद एकापुढं एक चिकटवून मी जमिनीवर पसरले.

बायको खाली बसली. मान वळवून डाव्या डोळ्याची कड कागदाजवळ नेली. मग एका जागी बोट ठेवलं.

"काटे कुटं गेले?"

मी भरताना काटे गाळले होते. मला वाटलं, मी सुधारतोय.

"हे कवा केलं तुमी?"

"कारखाना होता तेव्हाच."

"आन मला सांगितलं न्हाय."

"नाही सांगितलं."

तिनं पेन्सिल मागितली, टेकवून बघितली. रेघ भलत्याच घरात गेली. पेन्सिल तिनं माझ्याकडं दिली. "मी सांगते, तुमी भरा. वरनं तिसरी ओळ, डावीकडनं अकरावं घर. त्याच्या शेजारचं सोडा. मग एक."

"सोडू?"

"सोडा म्हनलं की. दोन काट्यांच्या मधी जागा लागते."

मी सोडलं. परवा डॉक्टरकडं जायचंय. बाभळीच्या अजून निम्म्या ओळी राहिल्यात, आणि कालपासून ती मला विचारायला लागलीय, दिवा लावलाय का म्हणून. दिवा लावलेला असतो. मी व्हय म्हणतो आणि पुढचं घर विचारतो.