तीनदा मीच सोडून आलो

"नवराच हाय ना? मग जबरदस्ती कशाची?" जमादार म्हणाला, आणि अख्खी चौकी हसली.

मीही हसलो.

समोर बसलेले चेअरमन हसले की आपण हसायचं, ही माझी जुनी सवय. त्यांच्या दूध संस्थेत मी फॅट मोजायचो. माझ्या बहिणीचा नवरा, आमचे दाजी, त्यांच्याच जीपवर ड्रायव्हर. दाजींची बाजू घ्यायला चेअरमन आले होते. खुर्ची त्यांना, चहाही त्यांनाच. माझं हसू आधी आलं, अक्कल नंतर. शेजारी माझी धाकटी बहीण. तिनं माझा धरलेला हात सोडला.

दुष्काळाचं साल. दूध आटलेलं. मोटरसायकलला एक कॅन कमी लागायचा, म्हणून तिला बसायला जागा झाली. तीनदा ती माहेरी आली. तीनदा मीच तिला सासरी सोडून आलो. पहिल्याच खेपेला म्हणाली, "दादा, मी नगं म्हणलं तरी ऐकत न्हाईत."

मी लई शहाणा! म्हणालो, "लग्नाला हो म्हणलीस ना? आता काय रोज नव्यानं इचारायचं?" आणि आपल्याच विनोदावर चौसाळ्यापर्यंत हसत गेलो. ती मागं कॅन धरून बसलेली.

चौथ्यांदा ती चालत आली. ओठ फुटलेला. दरवर्षी विहारात संविधानावर भाषण ठोकणारा मी छाती फुगवून म्हणालो, "चल. कायदा हाय आपल्याकडं."

चेअरमननी बशी खाली ठेवली. "जबरदस्ती व्हती तर तूच कावून आणून सोडलीस बे? तीनदा?"

माझ्याआधी बोलली ती. "हो म्हणले तवा मीच म्हणले. आता न्हाई म्हणते ती बी मीच. लिहून घ्या."

"नवऱ्यावर बलात्काराचं कलम बसत न्हाई, बाई," जमादार म्हणाला.

हे खरं होतं. तेच जास्त झोंबलं. ज्याच्या जिवावर मी मिरवलो, त्या कायद्यानं नेमकी तिच्याच दारात पाठ फिरवली. माझ्यासारखीच.

"मारहाण लिहा," मी म्हणालो. "घरातल्या हिंसेच्या कायद्यात शरीराची जबरदस्ती बी हाय, ती लिहा. आन् तीनदा सोडून आलेला भाऊ म्हणून माझं नाव लिहा."

चेअरमन उठले. "उद्यापासून संस्थेत दिसू नको."

नाही दिसलो. कोर्टाच्या तारखेला मी मोटरसायकल काढतो. ती मागं बसते. कुठं जायचं ते ती सांगते, आणि गाडी तिकडंच जाते. तिला सासरी सोडायच्या वाटेवर मी चौथ्यांदा जाणार नाही. कायदा बदलो न बदलो.