कारणाचा रकाना

मदत कार्यालयात सगळे तिला टाचणीबाई म्हणत. बाहीवर कायम चार-पाच टाचण्या, आणि बाहेरच्या फलकावर कागद लावायचा मान एकोणीस वर्षं तिचाच. नाकासमोर चालणारी बाई. साहेबांनी दिलेला कागद तिने आजवर निमूट लावला होता.

नवे साहेब आले ते पारदर्शकतेचं खूळ डोक्यात घेऊन. मदत घेणाऱ्यांची यादी फलकावर लागायची, पण नुसत्या क्रमांकांची. "आता नाव, पत्ता, मदतीचं कारण, सगळं लावा," साहेब म्हणाले. "लपवायचं काय त्यात?"

बातमी बाहेर पसरायला कितीसा वेळ? दुसऱ्याच दिवशी एक आई आली. मुलीच्या फिट्सच्या औषधांसाठी तिला मदत मिळत असे.

"ताई, माझं नाव काढून टाका," ती खिडकीत वाकून हळूच म्हणाली. "शाळेत कळलं तर पोरीशेजारी कुणी बसायचं नाही."

"आणि औषधं?"

"बघू."

असल्या 'बघू'चा अर्थ टाचणीबाईला चांगला ठाऊक होता. औषधं बंद. तिचं टाळकंच फिरलं.

संध्याकाळी ती यादी घेऊन साहेबांपुढे उभी राहिली. सोबत आणखी एक कागद. "साहेब, हाही लावते. सही करा."

"हे काय?"

"आपल्या सगळ्यांच्या रजा. नाव, पत्ता, कारण. आपला पगारही लोकांच्याच पैशातून होतो ना?"

साहेबांनी पहिली ओळ वाचली. ती त्यांचीच होती: मूळव्याध, नऊ दिवस. त्यांचे कान लालबुंद झाले.

"बाई, हे लोकांनी वाचायचं?"

"लपवायचं काय त्यात, साहेब?"

तो कागद लावायचा तिचा मुळीच बेत नव्हता, पण हे साहेबांना कशाला सांगायचं? साहेबांनी पेन उचललं आणि यादीतले तिन्ही रकाने खोडले. "क्रमांक पुरे." टाचणीबाईने रजांचा कागद तिथेच टराटरा फाडला आणि त्या आईला फोन लावला.

सोमवारी आई फलकावर बोट फिरवत आपला आकडा शोधत होती, तोच शेजारीण समोर. दोघी दचकल्या.

"तुम्ही इथं?"

"आहे एक काम."

"माझंही आहे एक."

कसलं, ते कुणी विचारलं नाही, आणि फलकानेही सांगितलं नाही.

"दोनशे सोळा!" खिडकीतून टाचणीबाईने आकडा पुकारला. एकोणीस वर्षांत तिने इतक्या मोठ्याने काही पुकारलं नव्हतं. आई ताठ मानेने पुढे आली आणि पोरीची महिन्याची औषधं घेऊन गेली.