चेनच्या दोन कड्या

धाकटी बहीण सायकल शर्यतीत उतरायला लागली तेव्हा मी सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर काम करणारा टर्नर होतो. दिवसभर हातात मायक्रोमीटर. त्यामुळे घरात मोजमापाच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा. नळाचा वॉशर असो नाहीतर दाराची बिजागरी, बाबा म्हणायचे, "त्याला विचारा, तो मोजून सांगेल." ह्या कौतुकाची मला सवय झाली होती.

तिची सायकल रेसिंगची होती, पण जुनी. पुण्याच्या कुणा खेळाडूने वापरून विकलेली. पुढे पेडलपाशी दोन दातेरी चक्रं, एक बावन्न दात्यांचं आणि एक बेचाळीसचं. मागे सात चक्रं, त्यांतलं सगळ्यात मोठं चोवीसचं. सपाटीला ती भल्याभल्यांना मागे टाकायची, पण घाट आला की तिचे गुडघे बोलायला लागत. आणि जिल्ह्याच्या निवड चाचणीचा शेवट कसारा घाट चढून इगतपुरीत होता. चाचणीला दहा दिवस उरलेले.

"मागे मोठं चक्र लावू," मी म्हटलं. "अठ्ठावीस दात्यांचं. चढ निम्मा झाल्यासारखा वाटेल."

नाशिकमध्ये तेव्हा असला माल मिळत नसे. सायकलच्या दुकानात गेलो तर दुकानदाराने साध्या सायकलची जाड चेन पुढे केली. म्हणाला, "चेन ती चेन. लावा बिनधास्त." ती चेन सात चक्रांच्या अरुंद फटीत बसणारच नव्हती, शेजारच्या चक्राला घासली असती. मी मनातल्या मनात त्याला हसलो. शेवटी कारखान्यातला एकजण मुंबईला जाणार होता, त्याच्याकडून नवं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चक्रांचा संच, आणि बारीक चेन मागवली.

बसवताना मी काही कमी ठेवलं नाही. जुनं फ्रीव्हील उघडायची खाचांची चावी कुठे मिळेना, ती जेवणाच्या सुटीत लेथवर स्वतः बनवली. हबचे आटे गेज लावून तपासले. आटा चुकून तिरका चढू नये म्हणून फ्रीव्हील आधी हातानेच फिरवून बसवलं. मग जुनी चेन फरशीवर ताणून ठेवली, नवी तिच्या शेजारी, आणि जुनीइतक्याच कड्या ठेवून बाकीची कापली. सायकल गॅलरीतल्या हुकाला टांगून पेडल फिरवलं. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर अलगद उतरत होती.

"आता कुठलाही गिअर टाक," मी तिला सांगितलं. "घाबरायचं नाही."

दुसऱ्या दिवशी उजाडताना ती निघाली. बेत असा, की हायवेने इगतपुरी गाठायची, घाट उतरून कसाऱ्याला जायचं आणि नव्या गिअरवर तोच घाट चढून यायचं. मी सातच्या पाळीला कामावर गेलो.

तिथे शेजारच्या ड्रिलिंग मशीनची पुली बदलण्याचं काम चाललं होतं. नव्या माणसाने आधीपेक्षा मोठी पुली बसवली आणि जुनाच पट्टा चढवायला लागला. पट्टा पोचेना. तो हातोडीच्या दांड्याने ताणून बसवू पाहत होता. फोरमन ओरडले, "अरे, पुली मोठी केलीस तर पट्टा तोच कसा चालेल? तुटेल नाहीतर शाफ्ट वाकवेल!"

माझ्या हातातला जॉब तसाच राहिला. चक्र मोठं झालं की त्याला वेढा घालणारी चेनही लांब लागते. चार दाते वाढले, म्हणजे दोन कड्या जास्त. आणि मी जुनीइतकीच कापली होती. पुढे छोटं चक्र असेपर्यंत निभावलं असतं. पण पुढचं मोठं आणि मागचं मोठं एकाच वेळी लागलं की चेन धनुष्याच्या दोरीसारखी ताणली जाणार, चेन चक्रांवर सरकवणारा मागचा गिअर ओढून घेणार. हुकाला टांगून मी सगळ्या जोड्या फिरवल्या होत्या, तेवढी एक सोडून. ती सहसा कुणी वापरत नाही म्हणून.

आणि मी तिला म्हणालो होतो, कुठलाही टाक.

मोबाइल तेव्हा आमच्यापैकी कुणाकडे नव्हता. मी फोरमनपुढे उभा राहिलो. "साहेब, गेटपास द्या. बहिणीच्या सायकलमध्ये माझ्या हातून चूक राहिलीय. ती घाटात चाललीय."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता सही केली.

अंबडमधून पाथर्डी फाट्याला आलो आणि स्कूटर हायवेला घातली. विल्होळीला ट्रकांची रांग होती, डाव्या अंगाने मातीतून काढली. डोक्यात एकच हिशेब. ती माझ्याआधी सव्वा तास निघालीय, ताशी पंचवीसने जाते, मी पन्नासच्या वर जाऊ शकत नाही. वाडीवऱ्हेला चहाच्या टपरीवर स्कूटर बंद न करताच विचारलं, "सायकलवर एक मुलगी गेली का?"

"गेली की. लय जोरात होती. पाऊण तास झाला असंल."

घोटी गेलं, इगतपुरी गेलं. ती कुठेच दिसली नाही. म्हणजे ती घाट उतरली होती. उतारात धोका नव्हता, तिथे ती मागची छोटी चक्रंच वापरणार. धोका परत येताना. मी घाटात शिरलो आणि प्रत्येक वळणावर खालून येणाऱ्या ट्रकांच्या कडेला पाहत राहिलो. एखाद्या ट्रकच्या मागे काही हललं की मी ब्रेक दाबायचो.

निम्मा घाट उतरल्यावर ती दिसली. खालच्या वळणावरून वर येत होती. पुढचं छोटं चक्र, मागचं अठ्ठावीसचं, पाय एका लयीत फिरत होते. तिच्या मागे पन्नासेक फुटांवर एक रिकामा ट्रक कण्हत चढत होता. मी स्कूटर कडेला लावली आणि दोन्ही हात वर करून ओरडलो, "थांब! गिअर बदलू नकोस! थांब!"

ट्रकच्या आवाजात तिला शब्द ऐकू गेले नाहीत. तिला एवढंच दिसलं, की दादा पाळी सोडून आपल्याला पाहायला आलाय आणि हात उंचावून ओरडतोय. ती हसली. वळणावर चढ थोडा सौम्य होतो, तिथे तिने मला दाखवायला म्हणून पुढे चेन मोठ्या चक्रावर ढकलली.

कड्‌ असा आवाज आला. मागचा गिअर उपटून आऱ्यांमध्ये गेला, चाक जागच्या जागी थांबलं आणि ती उजवीकडे, रस्त्याच्या मधल्या बाजूला, हातावर आपटली. ट्रकचे ब्रेक किंचाळले. मी धावत होतो, पण ते अंतर संपत नव्हतं.

ट्रक तिच्यापासून दोन हातांवर थांबला. ड्रायव्हर उडी मारून उतरला, सटाण्याकडचा माणूस, कांदा खाली करून परत निघालेला. "ताई, हात हालवू नका. हाड गेलंय बहुतेक."

ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "दादा, मी काय चुकीचं केलं?"

"तू नाही," मी म्हटलं. "चेन आखूड आहे. मी आखूड कापली."

ड्रायव्हरने तिला केबिनमध्ये बसवलं, सायकल मागे रिकाम्या पोत्यांवर टाकली. मी घोटीच्या दवाखान्यापर्यंत ट्रकच्या मागे स्कूटर चालवत राहिलो. मनगट मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर. चाचणी गेली.

संध्याकाळी घरी बाबांनी विचारलं, "कसं झालं?" मी तोंड उघडायच्या आत तिने सांगून टाकलं, "ट्रकवाल्याने कट मारला." माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. आईने पदराने डोळे पुसले. बाबा थोडा वेळ येरझाऱ्या घालत राहिले आणि म्हणाले, "बस झालं. हायवेवर सायकल आजपासून बंद. हात बरा झाला की सायकल विकून टाकायची."

तिने मान खाली घातली. प्लास्टरच्या बाहेर आलेली बोटं सुजली होती, ती त्यांच्याकडेच पाहत राहिली. पण खोटं मागे घेतलं नाही.

"ट्रकवाल्याने काही केलं नाही," मी म्हटलं. आवाज माझा मलाच ऐकू येईना, म्हणून पुन्हा म्हटलं. "उलट त्याने वेळेवर ब्रेक मारला म्हणून ती वाचली. चेन मी आखूड कापली होती."

बाबा थांबले. "मोजली नव्हतीस?"

"जुनीवरून मोजली. दोन्ही मोठ्या चक्रांवर लावून बघितली नाही."

त्या दुकानदारासारखंच मी केलं होतं, चेन ती चेन. हे मात्र बोलायचं धाडस झालं नाही. बाबा खिडकीपर्यंत जाऊन परत वळले. मला वाटलं, हात उचलतील. शेवटी इतकंच म्हणाले, "मग रस्त्याचा काय दोष?" आणि आत गेले. सायकल विकायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. पण त्यानंतर घरातलं काही बिघडलं की ते माझ्याकडे पाहत आणि मग स्वतःच पाना घेत. पुष्कळ दिवस तसं चाललं.

तीन आठवड्यांनी तिने मला गॅलरीत बोलावलं. नवा गिअर आणि नवी चेन आली होती. "तू कापायची नाही, मी सांगेन तेव्हा," ती म्हणाली. मला चेन दोन्ही मोठ्या चक्रांवरून ओढून धरायला लावली, डाव्या हाताच्या बोटाने कड्या मोजल्या, वर दोन ठेवल्या आणि म्हणाली, "इथे." मी कापली. मग तिने मला तीच जोडी, मोठ्यावर मोठं, हाताने सावकाश दहा वेळा फिरवायला लावली. प्रत्येक वेळी ती मागच्या गिअरला नाक लावून बघत होती. तिने मला माफ केलं की नाही, हे मी तेव्हाही विचारलं नाही आणि नंतरही नाही.

पुढच्या वर्षीच्या चाचणीत ती चौथी आली. पहिल्या तिघींनाच घेतलं. इगतपुरीला ती घाट चढून वर आली तेव्हा बाबा पाण्याची बाटली घेऊन उभे होते. तिने बाटली घेतली, बोर्डावरचा निकाल पाहिला, आणि परत न्यायला आणलेल्या टेम्पोत बसायला सरळ नाही म्हणाली. नाशिकपर्यंत ती सायकलवरच आली. मी मागे स्कूटरवर, साठ-सत्तर हातांचं अंतर ठेवून. चढ आला आणि तिचा हात गिअरकडे गेला, की माझा श्वास अडकायचा. चेन सरकल्याचा बारीकसा आवाज कानावर आला, की मगच मी तो सोडायचो.