शिजवलेलं नायलॉन

माझ्या लग्नात सर्वांत आधी कढईत काय पडलं असेल, तर माझं पातळ. गोष्ट पन्नाशीच्या दशकातली, चांदा जिल्ह्यातली. आता माझ्याच मुली ती हसून हसून सांगतात, आणि चुकीची सांगतात. म्हणून मीच सांगते.

नागभीडजवळच्या आमच्या गावात बाबा कोशाचं, म्हणजे रानरेशमाचं, लुगडं विणायचे. जंगलातली माणसं ऐनाच्या झाडांवरून कोश उतरवून आणत, माय ते उकळून धागा काढी, बाबा मागावर बसत. आमच्याकडे पोरगी फेऱ्यांना बापानं विणलेल्या कोशातच उभी राही. माझं लुगडं मागावरून उतरलंही होतं.

तेवढ्यात बल्लारपूरहून, म्हणजे कागदाच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या नवरदेवाच्या घरून, एक पुडकं आलं. आत गुलाबी पातळ. नायलॉनचं. धागा परदेशातला, मुंबईला बोटीनं उतरलेला. सोबत सासूबाईंचा निरोप : फेऱ्यांना हेच नेसवा.

मी ते गालाला लावून पाहिलं आणि त्या क्षणी स्वतःला फार मोठ्या शहरातली बाई समजू लागले. चांद्यापलीकडचं जग मी तोवर पाहिलं नव्हतं, हा भाग वेगळा.

बाबांनी पदर बोटांत धरला, उजेडात पाहिला.

"किती सरळ धागा काढला लेकाच्यानं," ते म्हणाले. "एक गाठ नाई."

"मंग तुमचं लुगडं?" मायनं विचारलं.

"पेटीत ठेव. सासरच्यायचं मन राखा लागते."

एवढं बोलून ते मागावर जाऊन बसले. मागावर सूत नव्हतंच. नागपूरचा व्यापारी यंदा कोसा घ्यायला आला नव्हता. लोकांना चकाकतं पाहिजे, असं त्यानं कळवलं होतं. त्या रिकाम्या मागाकडे पाहून माझं गुलाबी शहर जरा फिकं पडलं. पण जरासंच.

लग्नाच्या आदल्या सकाळी अंगणातून मायची किंकाळी आली. मी धावले. कढईत राखेचं पाणी खदखदत होतं आणि माय काठीवर काहीतरी गुलाबी उचलून धरून उभी होती. नवं कापड अंगाला लावण्याआधी राखेच्या पाण्यात उकळून मऊ करायचं, ही आमच्या घरची रीत. मायनं परदेशी पाहुण्यालाही तीच लावली होती. पातळ वाळल्या आवळ्यासारखं चुरमडलं होतं. आम्ही ते ताणलं, तांब्यात निखारे घालून वरून फिरवलं, बाबांनी दोन बांबूंना बांधलं. सुरकुती हटेना.

"आता वरात परत जाते," म्हणत माय खाली बसली. मला सासर तुटण्याची भीती वाटत होती, आणि खरं सांगते, रडू येत होतं ते पातळासाठी.

संध्याकाळी छोट्या रुळांच्या रेल्वेगाडीनं वरात उतरली. बाबा पातळ हातात घेऊनच जानवशाला गेले. मागोमाग माय गेली, आणि मायच्या मागे लपून मी.

"इहीणबाई, चूक झाली. तुमचं पातळ आमी शिजवलं."

"शिजवलं?" सासूबाईंनी ते उलगडलं. "मीठ घातलं का?"

कोणी हसेना. बाबांनी मान खाली घातली. "आमी कोसा असाच उकळतो, बाई. पोरीले टोचू नाई म्हनून. ह्याची जात आमाले ठाऊक नाई."

सासूबाई पातळावर हात फिरवत राहिल्या. "मले वाटलं, तुमी रुसले असान. कोसा विननाऱ्याच्या घरी मी नायलॉन धाडलं. घरचे बोलले मले, काऊन धाडलं म्हनून. तुमी तं त्याले घरच्या कापडासारखं केलं." मग मायकडे वळून, "ते पोरीच्या बापाचं लुगडं कुठी हाये? आना. फेऱ्यांले तेच. हे गाडीत नेसवा, धूळ खाईल."

बाबा डोळे पुसत पेटी आणायला गेले, ते पेटीऐवजी पाटच घेऊन आले. माय त्यांच्यावर ओरडली, तेव्हा कुठे सगळे हसले.

फेरे कोशातच झाले. परतीच्या गाडीत मी ते चुरमडलेलं गुलाबी नेसले. बल्लारपूरला उतरले तर कारखान्याच्या चाळीतल्या बाया पदर धरून विचारू लागल्या, "हे नवं डिझाइन कुठचं?" मी तोंड उघडणार, तोच सासूबाई म्हणाल्या, "नागभीडले करून मिळते."

पहिल्यांदा माहेरी गेले तेव्हा माझ्यासोबत शेजारणींच्या कोऱ्या नायलॉनची गठडी होती. बाबांनी ती सोडली, एकेक पातळ हातात घेतलं.

"बोटीनं आलं, रेल्वेनं आलं," ते म्हणाले, "आन् शेवटी तुह्या मायच्या कढईत."

"मी नाई उकळत," माय म्हणाली. "पाप लागन."

"उकळ वं," बाबा म्हणाले. "निदान चूल तं पेटून राह्यली."