गुरुवारची जोडीदार

आमच्या घराच्या मधोमध एक भिंत आहे, दोन्ही बाजूंनी गिलावा नसलेली. नवरा आणि धाकटा दीर विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडले, वाटण्या झाल्या आणि चार खोल्यांच्या घरात सिमेंटच्या ब्लॉकची ही भिंत उभी राहिली. गिलावा कुणी करायचा यावरही वाद झाला, म्हणून तो कुणीच केला नाही. त्यामुळे पलीकडं कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते मला कळतं, आणि माझ्याकडं काय फोडणीला पडलं ते धाकटीला कळत असणार. धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. भांडण पुरुषांचं, पण अबोला बायकांनाही धरावा लागतो. जी धरत नाही ती घरभेदी ठरते.

वाईट याचं वाटतं की आधी आमचं फार जमायचं. ती कवठे येमाईची, आईविना वाढलेली. लग्न होऊन आली तेव्हा म्हणाली होती की आता आई काय आणि बहीण काय, तुम्हीच. मीच तिला माझ्या कंपनीत लावलं. ऑनलाइन कपडे विकणाऱ्यांच्या गिऱ्हाइकांना घरबसल्या उत्तरं द्यायची, हे आमचं काम. कुणाला कुर्ता आखूड झालेला असतो, कुणाला पैसे परत हवे असतात. यवत गावाच्या बाहेर, शेवंतीच्या शेताला लागून बसायचं आणि दिवसभर जयपूर-दिल्लीच्या बायकांची माफी मागायची. भिंत आली तरी नोकरी दोघींची तीच राहिली.

सासूबाई होत्या तोवर निरोप चालायचे. आमच्याकडं अबोल्यातही बोलणं असतं, फक्त ते तिसऱ्याकडं तोंड करून बोलायचं असतं. मी सासूबाईंना म्हणायचे, तिला सांगा, बाजाराला चाललेय, काही आणायचंय का. सासूबाई पलीकडच्या अंगणात जाऊन ते स्वतःच्या चार शब्दांची भर घालून सांगायच्या. त्या गेल्या आणि तेवढंही बंद झालं.

मग आमच्या कंपनीला आमची काळजी वाटू लागली. घरून काम करणारी माणसं एकटी पडतात, त्यांचं मन लागत नाही, ती सोडून जातात, असं म्हणे वरच्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी एक एआय आणलं. ते टीममधल्या दोघादोघांची जोडी लावायचं आणि त्या जोडीनं दर गुरुवारी दुपारी पंधरा मिनिटं व्हिडिओवर गप्पा मारायच्या. विषयही ते एआयच द्यायचं, सगळ्या टीमला एकच, आणि मध्येमध्ये गोड आवाजात बोलून गप्पा पुढं ढकलायचं. कंपनीनं त्याला काहीतरी लाडिक नाव दिलं होतं, मी त्याला मशीनबाई म्हणायचे. हजेरी सक्तीची. माणसांना जवळ आणायचं आणि तेही सक्तीनं, या अकलेला मी तेव्हा खूप नावं ठेवली.

पहिल्याच वेळी माझी जोडीदार धाकटी निघाली. तुम्हा दोघींत खूप साम्य आहे, असं मशीनबाईनं कळवलं. असणारच. आडनाव एक, पिन कोड एक, लाइट जायची वेळ एक. टीम लीडला सांगून जोडी बदलून घ्यावी असं वाटलं, पण पुण्यात बसलेल्या त्या माणसाला भावकी कशी समजवायची? नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, कंपनीचं काम आहे, तर करावं लागणार. पलीकडं दीरही तेच म्हणाला असेल. पगार दोन्ही घरांना हवा होता.

पडद्यावर तिचा चेहरा आला. तिच्या पाठीमागं तीच भिंत, तिकडच्या बाजूनं. लहानपणीचा आवडता खाऊ सांगा, मशीनबाई म्हणाली. तिनं पुन्हा विचारलं. मग धाकटीनं माझ्याकडं न बघता घसा साफ केला.

"आक्काला सांग, डोळ्याखाली काळं झालंय. झोपत न्हाई वाटतं."

मशीनबाईनं ते इमानानं पोचवलं. तुमच्या सहकारी तुमच्या झोपेची चौकशी करत आहेत, म्हणाली. मी तिला म्हटलं, तिला सांग, झोपते, पण तिच्या कुकरनं जाग येते. धाकटी खाली मान घालून हसली. मलाही हसू आवरेना. सासूबाईंची रिकामी जागा कंपनीनं भरली होती, आणि ही बाई निरोपात तिखटमीठ घालत नव्हती.

मग मी गुरुवारची वाट बघू लागले. दुपारी केस विंचरून बसायचे. तिचा आवाज मला दोनदा ऐकू यायचा, आधी भिंतीतून आणि मग हेडफोनमधून. तिच्या शेवंतीवर माव्याची कीड पडल्याचं मला असंच कळलं, माझ्या गुडघ्याचं तिला असंच कळलं. एकमेकींशी मात्र आम्ही एकदाही थेट बोललो नाही. अबोला शाबूत होता. नवरा मागून जाता-येता ऐकायचा आणि काही म्हणायचा नाही, कारण ते कंपनीचं होतं. सक्तीची म्हणूनच आम्हाला ती पंधरा मिनिटं मिळत होती. ते मला फार उशिरा समजलं.

एका गुरुवारी विषय होता आवडतं फूल. धाकटीनं फुलाचं नावच काढलं नाही. ती अगदी हळू बोलली.

"आक्काला सांग, छातीत गाठ लागलीय. दौंडच्या डॉक्टरनं पुण्याला तपासायला सांगितलंय, पंधरा दिवसांनी. मालक येतील, पन ते दाराभाईर बसणार. तिला इचार, संगं येईल का."

मशीनबाई म्हणाली, आरोग्याची काळजी घेणं महत्त्वाचं आहे, आता आपण फुलांकडे वळू या का? येते म्हणायला मी तोंड उघडलं तोवर वेळ संपली आणि पडदा बंद झाला. भिंतीतून ओरडून सांगता आलं असतं, पण पलीकडं दीर कुरकुंभच्या कारखान्यातली रात्रपाळी करून झोपला होता. फोनवर लिहावं तर तिचा फोनही तोच बघायचा. पुढच्या गुरुवारी सांगू, असं मी मनाशी धरलं.

मंगळवारी मेसेज आला. अभिनंदन, तुमची जोडी टीममध्ये सगळ्यात छान जुळली, आता तुम्हाला नवीन जोडीदार मिळेल. मी टीम लीडला फोन करून अक्षरशः हात जोडले. तो म्हणाला, मॅडम, जोड्या सिस्टीम ठरवते, आणि तुमचं तर जमलेलंच आहे, आता दुसऱ्यांचं जमू द्या. आमच्या जोडीचं उदाहरण तो म्हणे वरच्या मीटिंगमध्ये देणार होता.

मग मी भिंतीला वळसा घालून पलीकडं गेले. वाटण्या झाल्यापासून पहिल्यांदाच. दीर बाजेवर चहा पीत होता, धाकटी दारात भाजी निवडत होती. "मी येते," मी तिला म्हणाले. तिनं वर पाहिलं नाही. नवऱ्याला म्हणाली, कंपनीचं कायतरी विचारायला आल्यात.

"कंपनीचं कंपनीत बोला," दीर म्हणाला. "हितं न्हाई."

मी परत आले. तिला दोष देत नाही. त्या दिवसांत नवऱ्याशी भांडण तिला परवडणारं नव्हतं. ठरल्या दिवशी सकाळी ती आणि दीर हायवेवर पुण्याच्या एसटीसाठी उभे असलेले मी गच्चीवरून बघितले. संध्याकाळी ती आली. पलीकडं कुकर लागला नाही. रिपोर्ट काय आला ते मला कुणी सांगितलं नाही, आणि कुणाला विचारायची सोयही नव्हती.

आता माझी जोडीदार नागपूरची आहे. बाई चांगली आहे. गेल्या गुरुवारी विषय होता शेजारी. विषय सगळ्यांना एकच असतो, म्हणून मी हेडफोन काढला आणि भिंतीला कान लावला. धाकटी तिच्या नव्या जोडीदाराशी बोलत होती. आवाजात दम नव्हता.

"शेजारी व्हय? आमच्या शेजारी कोन न्हाई. भिंत हाय नुसती."

दीर घरातच होता. ती त्याच्यासाठी तसं बोलली की मला ऐकवलं, कोण जाणे. मला ते लागायचं तिथं लागलं. इकडं मशीनबाई विचारत होती, तुमच्या शेजारी कोण राहतं, सांगा ना. मी हेडफोन हातातच ठेवला आणि भिंतीपलीकडं जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "तिला विचार, रिपोर्ट काय आला."

पलीकडचं बोलणं थांबलं. नागपूरची बाई गोंधळून माझ्याकडं बघत राहिली. दीर खाकरला, आणि धाकटी पुन्हा तिच्या जोडीदाराशी बोलू लागली. हातातल्या हेडफोनमधून मशीनबाईचा बारीक आवाज येत होता, ताई, आपण शेजाऱ्यांबद्दल बोलत होतो.