लवकीची बदनामी

एक लवकी तोडली की वेलाला दोन नव्या धरतात. तिला लोकांनी नावं ठेवल्याचे किस्सेही तसेच, एक सांगितला की दोन आठवतात. दुधीला आमच्याकडे लवकी म्हणतात. सत्तर सालानंतरची गोष्ट. रिठदला आमच्या घराच्या टिनांवर तिचा वेल होता आणि घरात माझी पोर कमल लग्नाची झाली होती. कमलच्या बाबांना धास्ती, की 'लवकी खाणारं घर' असं नाव पडलं तर पोरीला स्थळ यायचं नाही.

*

एकदा चण्याची डाळ घालून लवकी केली. ह्यांनी ताट सरकवलं. "काहून वो, मी काय बिमार हाओ?"

मी म्हटलं, "नाई. बिमार माणूस गुपचूप खाते."

*

शेजारची तुळसा दर आठवड्याला एक लवकी मागून न्यायची. तिनंच हळदीकुंकवात सगळ्या बायांसमोर सांगितलं, "यायच्या घरी लवकीशिवाय काही शिजतच नाई."

"अन् तुया घरी?"

"आमी का इकत आणतो?"

*

वाशीमच्या एका शेठाणीकडे मात्र लवकीला मान. जैन घर, कांदा-बटाटा बंद. किसून तुपात परतली की तिचा हलवा असा व्हायचा, की खवा कोणी विचारू नये. पावसाळ्यात एकदा तीन लवक्या घेऊन गेले, तर दारातच थांबवलं.

"बाई, आज चौदस. हिरवं घरात येत नाही."

मला सगळ्या तिथ्या तोंडपाठ, नेमकी हीच चुकली. म्हटलं, "ओट्यावर ठेवतो, उद्या आत घ्या."

"ओटा पण घरचाच, बाई."

तिन्ही मांडीवर घेऊन मोटारीत बसले. कंडक्टर म्हणतो, "मावशी, यायचं अर्धं तिकीट लागते."

*

गावातल्या एका लग्नात वांग्याची भाजी कमी पडली. आचारी माझ्याच दारात आला. चार मोठ्या लवक्या चिरून भाजीत ढकलल्या, मसाला मी परतला. पाहुण्यांनी बोटं चाटली. एकानं विचारलं, "वांगे कुठले हो?"

आचारी माझ्याकडे न पाहता म्हणतो, "अनसिंगचे."

माझे टिन अनसिंगला कधी गेले?

*

मग कमलला बघायला पाहुणे आले. ह्यांनी सकाळीच वेलावर गोधडी टाकली. मला बजावलं, "आज लवकीचं नाव निघालं, तर सोयरीक मोडली समज." मी मान हलवली. वांगी केली, पोळ्या केल्या, झणझणीत रश्श्यात वडे सोडले. कशाचे, ते मला आणि कमललाच ठाऊक.

मुलाचे वडील वरण-पोळीच चिवडत बसले. वांग्याला हात नाही, रश्श्याला नाही. त्यांची बायको म्हणाली, "यायले तिखट सोसत नाई. दोन्ही वक्त लवकी लागते. पोरीले लवकी येते का करता?"

हे घाईघाईनं म्हणाले, "छे जी, आमच्या घरात लवकीले कोणी शिवत नाई."

बाईनं नवऱ्याकडे पाहिलं. "मंग कठीणच हाय."

पोर नको झाली, तीही लवकीवाचून!

कमल दाराआडून बाहेर आली. पदर सावरला नाही, मान खाली घातली नाही. "रश्श्यातले वडे लवकीचेच हायेत, बाबा. तुमी दोनदा वाढून घेतले."

मुलाच्या म्हाताऱ्या बापानं रश्श्यातला एक वडा बोटानं बाहेर काढला, पाण्याच्या गिलासात बुचकळला आणि खाल्ला. मग दुसरा बुचकळला. तोही खाल्ला. हात पुसत म्हणाला, "तिथी काढा."